बरोबरची खूण

आमची सूनबाई लिफ्ट दुरुस्त करत नाही, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं दुरुस्त करते. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारींच्या फोनवर बसते. कुणी दोन मजल्यांच्या मध्ये लटकला की आतलं लाल बटण दाबतो आणि पलीकडून हिचा आवाज येतो, "आधी भिंतीला टेकून उभे राहा. आता मला सांगा, थांबायच्या आधी काय वेगळं झालं?" एकदा तिचा विसरलेला चष्मा द्यायला मी कचेरीत गेलो होतो, तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलं. कुणी गृहस्थ पलीकडे रडकुंडीला आले होते आणि ही त्यांना शांतपणे विचारत होती की आधी दिवा मिणमिणला की आधी धक्का बसला. पाच मिनिटांत गृहस्थ माणसात आले. त्याच दिवशी मी मनात म्हटलं, ही पोरगी घड्याळजी व्हायला हवी होती.

मी घड्याळजी. बेचाळीस वर्षं दुकान चालवलं. आता दुकान नाही, पण घराच्या मागच्या खोलीत खिडकीखाली माझं टेबल आहे, धातू कातायचं छोटं लेथ आहे आणि भिंतीवर सात घड्याळं आहेत, त्यांतली पाच बरोबर वेळ दाखवतात. ही खोली पूर्वी सबंध माझी होती. नऊ वर्षांपूर्वी आमच्या चिरंजीवांनी लग्नाच्या महिनाभर आधी तिथे चार फुटी काचेची टाकी आणून बसवली, तिच्यात खारं पाणी भरलं आणि पंप सुरू केला. मला वाटलं, मासे पाळणार असतील. मग सूनबाई आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात थर्मास घेऊन. आमच्या हिला वाटलं आत चहा आहे, ती कपच घेऊन आली. झाकण उघडलं तर तळाशी नखाएवढा निळा खडा.

"कोरल आहे, आई. माझ्या दादाच्या टँकमधलं," सूनबाई म्हणाली. "याला लगेच पाण्यात सोडायला हवं." घरात पाऊल टाकल्यावर तिने बोललेलं हे दुसरं वाक्य. पहिलं काय होतं ते मी विसरलो, बहुतेक नमस्कार असावा.

त्या दिवशी माझी अर्धी खोली गेली. मी कुरकुर केली. कुरकुर करायचा माझा हक्क आहे आणि तो मी कधी वाया जाऊ देत नाही. पण टेबलावरून मान वर केली की समोर टाकी, त्यामुळे तो नखाएवढा खडा वाढताना सगळ्यात जास्त मीच बघितला. त्याला बोटं फुटली, बोटांना बोटं फुटली, आणि नऊ वर्षांत तो दोन तळहातांएवढा पसरला. मी त्याला झाड म्हणायचो.

"झाड नाही, बाबा, प्राणी आहे," ती दर वेळी सुधारायची. "हजारो छोटे प्राणी, एकमेकांना चिकटून राहणारे."

"म्हणजे एकत्र कुटुंब," चिरंजीव म्हणाले. "म्हणून वाढायला इतकी वर्षं लागली."

तीन वर्षांपूर्वी तिच्या दादाच्या टाकीतला हीटर बिघडून चालूच राहिला आणि तिकडचं सगळं एका दिवसात गेलं. आपलं मूळ कोरल गेलं हे त्याने बहिणीला फोनवर सांगितलं आणि म्हणाला, आता तुझ्याकडे आहे तेवढंच. यंदा त्याने नवी टाकी लावायला घेतली होती. येत्या दोन महिन्यांत ती तयार झाली की त्याच्याच कोरलची एक फांदी त्याला परत न्यायची, असं बहीणभावांचं ठरलं होतं. थर्मास तिने अजून जपून ठेवला होता.

त्या मंगळवारी सकाळी कामावर निघताना ती टाकीपाशी थांबली आणि खांद्यावरची पर्स तिने खाली ठेवली. निळ्या फांद्यांच्या बुडाशी एक पांढरी रेघ दिसत होती, दोऱ्याएवढी. मी म्हटलं, नवी वाढ असेल.

"वाढ टोकाला होते, बाबा. हे बुडाला आहे. मांस सुटतंय."

मग तिने मला समजावलं. कोरलचा सांगाडा पांढराशुभ्र, चुन्याचा. त्यावर जिवंत मांसाचा पातळ पापुद्रा असतो, रंग असतो तो त्याचा. हा पापुद्रा सुटायला लागला की कधी महिने लागतात, तर कधी एका दिवसात आटोपतं. आणि एकदा सांगाडा उघडा पडला की तिथे पुन्हा मांस धरणं कठीण. हे सगळं तिने लिफ्टवाल्यांना सांगायच्या आवाजात सांगितलं. म्हणजे ती मनातून चांगलीच घाबरली होती.

संध्याकाळी घरात सगळ्यांची उलटतपासणी झाली. "गेल्या दोन महिन्यांत काय वेगळं झालं?" आमच्या हिने कबूल केलं की फरशी पुसायचं औषध बदललंय. चिरंजीवांनी बरीच टाळाटाळ करून कबूल केलं की हाताला क्रीम लावलेलं असताना त्यांनी एकदा टाकीत पडलेला चमचा काढला होता. टाकीत चमचा कसा पडला, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. सगळं तिने वहीत लिहिलं. माझी पाळी आली तेव्हा तिने वही मिटली.

"तुमचं मला माहीत आहे, बाबा."

खोटं कशाला बोलू, मी ताठ होऊन बसलो. हिच्याकडे एकदा बघूनही घेतलं.

त्यानंतरचे चार दिवस मी तिचं काम बघत होतो, आणि मी सहजासहजी कुणाचं काम बघून खूश होणारा माणूस नाही. घड्याळ मागे पडायला लागलं की कच्चा कारागीर सगळंच एकदम उसकटतो. तेल बदलतो, स्प्रिंग बदलतो, चार चाकं घासतो. घड्याळ चालायला लागतं, पण कशामुळे चाललं ते त्याला कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात. एका वेळी एक गोष्ट तपासायची, थांबायचं, बघायचं, मग दुसरी. हे शिकायला मला दहा वर्षं लागली. या पोरीला हे कुणी शिकवलं देव जाणे.

टाकीतला थर्मामीटर चुकत असेल म्हणून तिने दुसरा लावून बघितला. खारेपणा मोजायचं यंत्र आधी ज्याचा आकडा माहीत आहे अशा पाण्यावर पडताळलं आणि मग टाकीचं पाणी मोजलं. सांगाडा बांधायला कोरल पाण्यातून क्षार घेतं, ते क्षार सकाळ-संध्याकाळ थेंब टाकून, रंग बघून तपासले. बाजूची एक छोटी फांदी काढून औषधाच्या पाण्यात बुडवली आणि खाली पडलेला गाळ माझं भिंग डोळ्यात बसवून बघितला, कुठे किडा दिसतो का म्हणून. भिंग लावून ती इतकी झोकात बसली होती की मला माझं दुकान आठवलं. किडा नव्हता. प्रत्येक गोष्ट वहीत जायची. काय, कसं तपासलं, काय निघालं, आणि पुढे बरोबरची खूण. तपासल्याशिवाय खूण नाही. बुधवारीच तिने पाण्याच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या, एक टाकीतली आणि एक टाकीत भरायच्या फिल्टरच्या पाण्याची.

रेघ तेवढ्यात बोटभर वर चढली होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं, पण म्हणून तिने चार औषधं एकदम ओतली नाहीत. मी असतो तर ओतली असती, एवढं कबूल करतो.

गुरुवारी हिने स्वयंपाकघरातून येऊन विचारलं, "तुमच्या गोगलगायी आज सगळ्या उताण्या का पडल्यात?"

सूनबाई जेवता जेवता उठली. टाकीच्या काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी होत्या, त्यांतल्या पाच वाळूत उलट्या पडल्या होत्या. "आई, इतक्या दिवसांत कामाची गोष्ट तुम्ही सांगितलीत," ती म्हणाली. "उजेड चुकला, क्षार चुकले तर कोरल कुरकुरेल. गोगलगाईला त्याचं काही नाही. दोघांना एकदम त्रास होतोय म्हणजे पाण्यात विष आहे." पुढचे दोन दिवस आमची ही स्वतःलाच शास्त्रज्ञ समजत होती.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सूनबाईने तो फोनवर दोनदा वाचला आणि माझ्या टेबलाच्या कडेवर बसली. टाकीच्या पाण्यात तांबं होतं. आपल्याला चालेल इतकं, पण कोरलला आणि गोगलगाईला अजिबात न चालणारं. फिल्टरचं पाणी स्वच्छ.

"म्हणजे बाहेरून येत नाही. आतच काहीतरी विरघळतंय," ती म्हणाली. पंप, हीटर, काच पुसायचं चुंबक, सगळं तिने काढून बघितलं. कुठे चीर नाही, गंज नाही. "उद्या सगळं रिकामं करते. दगड, वाळू, सगळं बादल्यांत. टाकी उलटी करून शोधते."

"आणि हे?" मी कोरलकडे बोट केलं. निम्म्या फांद्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"हलवलं तर बहुतेक राहणार नाही. नाही हलवलं तर नक्कीच राहणार नाही." तिने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्याने भिजलेले होते. "बाबा, एकदा वही वाचता का? पहिल्यापासून. माझी नजर मेली आहे आता, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर काही सापडेल."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. मी ओळ वाचायची, तिने म्हणायचं, तपासलं. फरशीचं औषध. तपासलं, बादलीत थेंब टाकून. नवी मिठाची पिशवी. तपासली. क्रीमचा हात. तपासलं, चार आठवडे झाले, परिणाम असता तर तेव्हाच दिसला असता. मग पुढची ओळ आली, सव्वा महिन्यापूर्वीची. ‘परतीच्या नळीची पट्टी तुटली होती. बाबांनी बसवली.’ पुढे बरोबरची खूण. मध्ये काहीच नाही. सबंध वहीत, कसं तपासलं ते न लिहिता केलेली ती एकच खूण होती.

"ते झालंय. पुढे," ती म्हणाली.

मी पुढची ओळ वाचली. खोलीतला दिवा बदलला. ती म्हणाली, तपासलं. मी त्याच्याही पुढची ओळ वाचायला घेतली, आणि बोट त्या पट्टीच्या ओळीवर परत नेलं.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवत होती. ती कामावर होती. पाणी टाकीत परत आणणारी नळी जिने धरलेली असते, त्या पट्टीचा प्लास्टिकचा स्क्रू तुटला आणि पाणी भलतीकडे उडायला लागलं. मी लेथवर बसून अर्ध्या तासात नवा स्क्रू केला. आटे असे पाडले की बोटाने फिरवला तरी लोण्यासारखा बसावा. डोकं घासून चकचकीत केलं. पितळेचा केला, कारण लोखंड गंजतं आणि पितळ गंजत नाही, आणि घड्याळजीचा हात पितळेकडेच जातो. पाण्याखाली, नळीच्या मागे, कुणाला दिसणारही नाही अशा जागी मी तो बसवला, आणि दिसणार नाही याचं मला वाईटही वाटलं होतं. संध्याकाळी फक्त एवढंच सांगितलं की पट्टी बसवून दिली. पितळेत अर्ध्याहून जास्त तांबं असतं हे शाळेतलं पोरही सांगेल. आणि कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, हे माझ्या आईने मला हातावर फटके देऊन शिकवलं होतं. आंबटाने कळकतं, मग मिठाच्या पाण्याने काय होईल, एवढं डोकं काही मी चालवलं नाही.

वही मिटली असती तर कुणाला कळलं नसतं. रात्रीत स्क्रू काढून घेतला असता तरी कुणाला कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं, नाही असं मी म्हणणार नाही. पण समोर ती उद्याच्या बादल्या मोजत बसली होती.

"सूनबाई," मी म्हटलं, "ती पट्टीवाली ओळ तू तपासलेली नाहीस."

"ते तुम्ही केलं होतंत."

"म्हणूनच सांगतोय. स्क्रू पितळेचा आहे."

ती उठली. स्टुलावर चढली, हात नळीच्या मागे घातला आणि बोटांनी स्क्रू फिरवून काढला. फार सहज निघाला, आटे चांगले होते ना. तिने तळहात माझ्यापुढे धरला. डोकं हिरवं पडलं होतं आणि आट्यांच्या खाचांत पितळेचा पिवळा रंग जाऊन तांबूस झाला होता. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आधी टेकून बसा, बाबा," ती म्हणाली. लिफ्टचा आवाज. "श्वास घ्या."

"मला रागव तरी."

"रागावले आहे." ती खरंच रागावली होती. "तुमच्यावर रागावले आहे आणि त्याहून जास्त स्वतःवर. रोज शंभर लोकांना सांगते, वॉचमन म्हणाला दार लागलंय तरी दार स्वतः बघा. आणि इथे खूण करून मोकळी झाले." मग स्क्रू खिडकीपाशी नेऊन तिने उजेडात धरला. "आटे मात्र सुरेख पाडलेत," ती म्हणाली, आणि ते मला रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

टाकी उपसायची गरज आता नव्हती. तिने निम्मं पाणी बदललं आणि पाण्याच्या वाटेवर एक जाडसर चकती ठेवली. तांबं शोषलं की ही चकती निळी होते. पण कोरलवरची रेघ काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. उपाय एकच होता. पांढऱ्या रेघेच्या वरचं, अजून जिवंत असलेलं टोक कापून वेगळं करायचं आणि नव्या दगडावर चिकटवायचं. कापताना मांस चिरडलं तर ते टोकही जातं. तिने कटर हातात घेतला आणि खाली ठेवला. पुन्हा घेतला, पुन्हा ठेवला. चार दिवसांची झोप तिच्या हातात उतरली होती.

"तुमची ती केसासारखी करवत आहे ना?" तिने विचारलं.

"माझ्या हातात देतेस? आज?"

"केसाएवढ्या स्प्रिंगा सरळ करणारा दुसरा कोण आहे घरात?"

चिरंजीव दारातून म्हणाले, "मी चमचा धरू शकतो." त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मी भिंग डोळ्यात बसवलं. तिने परातीतल्या खाऱ्या पाण्यात फांदी धरली. भिंगातून मी नऊ वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून बघितलं. निळ्या पापुद्र्यावर टाचणीच्या टोकाएवढी तोंडं होती आणि प्रत्येक तोंडाभोवती बारीक हात, आत ओढून घेतलेले. रेघेपाशी पापुद्रा सालीसारखा सुटत होता. रेघेच्या एक बोट वर मी करवत टेकवली.

"याला दुखतं का गं?" मी विचारलं.

"माहीत नाही, बाबा. कुणालाच नक्की माहीत नाही."

"प्राण्याला दुखणारच," मी म्हटलं. ती माझ्याकडे बघून चार दिवसांत पहिल्यांदा हसली, पण फांदी धरलेला हात हलू दिला नाही. मी चार टोकं कापली. माझा हात एकदाही चुकला नाही, आणि त्याचा मला त्या दिवशी जराही अभिमान वाटला नाही. तिने गोंदाचा थेंब लावून चारही टोकं चार दगडांवर बसवली. सोमवारी सकाळी चकती निळी झालेली दिसली. बुधवारी मोठं कोरल पूर्ण पांढरं झालं. गुरुवारी चारांतलं एक टोकही गेलं. उरली तीन.

त्या रविवारी मी नवा स्क्रू केला. या वेळी हिच्या भाजी चिरायच्या प्लास्टिकच्या जुन्या फळीतून एक कांडी कापली आणि लेथवर चढवली. फळीवरून घरात जे काही झालं ते इथे सांगत नाही. सूनबाईला स्क्रू दिला तेव्हा मला वाटलं, लगेच बसवेल. तिने तो खाऱ्या पाण्याच्या बरणीत टाकला, बरणीत दोन गोगलगायी सोडल्या, हवेची नळी लावली आणि वर चिठ्ठी चिकटवली, ‘तपासणी चालू, पंधरा दिवस’.

"पंधरा दिवस? फळीचा तुकडा आहे तो," चिरंजीव म्हणाले. "बाबांवर एवढाही भरवसा नाही?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. ती बरणी माझ्या टेबलावरच होती. मी रोज सकाळी आधी घड्याळांना चावी द्यायचो आणि मग गोगलगायी बघायचो.

काल तिने वही माझ्यापुढे सरकवली. ‘परतीच्या नळीची पट्टी. नवा स्क्रू, बाबांनी केला. पंधरा दिवस बरणीत ठेवला. गोगलगायी दोन्ही ठीक. पाणी तपासून आणलं, तांबं नाही.’ आणि पुढे बरोबरची खूण. बेचाळीस वर्षांत गिऱ्हाइकांनी माझ्या कामाची वाहवा खूप केली. तपासलं कुणीच नव्हतं, माझ्या शब्दावर घड्याळ हातात घालून जायचे. मी ती ओळ दोनदा वाचली आणि मला भरून आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तिन्ही टोकं जगली आहेत. बुडाचं मांस गोंदावरून खाली उतरून दगड धरायला लागलंय, भिंगातून निळी किनार स्पष्ट दिसते. दादाची टाकी तयार आहे. आज सकाळी सूनबाईने थर्मास धुऊन माझ्या टेबलावर ठेवला.

"एक तुकडा दादाला द्यायला जायचंय, बाबा. वाटेत थर्मास तुम्ही धराल? माझ्या हातात हिंदकळतो."

"आतून कशाचा आहे?" मी विचारलं.

"काचेचा. नऊ वर्षांपूर्वी यातूनच तर आणलं होतं."

"तरी एकदा बघ."

तिने माझं भिंग उचलून डोळ्यात बसवलं, झाकण काढलं आणि खिडकीच्या उजेडात थर्मास गोल फिरवत आतून नीट बघितला.